ग्राफीन ऑक्साईड बॅक्टेरिया मारतं, पण नेमकं मारतं कोण?

एमएस्सीचा प्रोजेक्ट संपून बरेच महिने झाले तरी ज्युनियर मुलामुलींचे मेसेज येतच असतात, ताई कुठल्या मेथडने बनवलेलं ग्राफीन ऑक्साईड जास्त अँटीबॅक्टेरियल असतं, परमँगनेटवालं का क्लोरेटवालं, आणि मी दर वेळी त्यांनाच विचारते की तू ते धुतलंस किती आणि टेस्टच्या दिवशी त्याचा पीएच काय होता. त्यांना वाटतं मी टाळतेय. टाळत नाहीये, माझा अख्खा प्रोजेक्ट त्या एका प्रश्नात आहे, म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून ठेवतेय, ज्याला उपयोग होईल त्याने वाचा.

विषय माझ्या गाईड मॅडमनी दिला होता. ग्रॅफाईट म्हणजे कार्बनचे पापुद्रे एकावर एक रचलेले, त्याला जोरदार ऑक्सिडायझरमध्ये घातलं की पापुद्र्यांवर ऑक्सिजनवाले ग्रुप बसतात, मधे हायड्रॉक्सिल आणि इपॉक्सी, कडांना कार्बोक्सिल, त्यामुळे थरांमधलं अंतर वाढतं, पाणी आत शिरतं आणि मग थोडं सोनिकेट केलं, म्हणजे अल्ट्रासाऊंडने हलवलं, की थर सुटे होऊन पाण्यात राहतात. हे ग्राफीन ऑक्साईड, पुढे नुसतं जीओ म्हणते. ग्राफीनला नोबेल मिळालं २०१० ला आणि त्याच सुमाराला जीओ बॅक्टेरिया मारतं असे पेपर यायला लागले, कोणी म्हणालं पापुद्र्याच्या धारदार कडा बॅक्टेरियाचं मेंब्रेन कापतात, कोणी म्हणालं ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस, कोणी म्हणालं पापुद्रा बॅक्टेरियाला गुंडाळून टाकतो आणि त्याला खायलाच मिळत नाही. २०११ चा एक पेपर आहे ज्यात ग्रॅफाईट, ग्रॅफाईट ऑक्साईड, जीओ आणि रिड्यूस्ड जीओ (बराचसा ऑक्सिजन परत काढलेलं जीओ) असे चारही ई. कोलाय या बॅक्टेरियावर टाकून बघितलेत आणि त्यात जीओ सगळ्यात भारी ठरलं. आणि त्याच वर्षीचा दुसरा पेपर आहे जो सांगतो की जीओ बॅक्टेरिया मारत तर नाहीच, उलट त्याच्यावर ते जास्त जोमाने वाढतात! दोन्ही चांगल्या जर्नलमधले, दोन्ही नीट केलेले. मी हे दोन पेपर लागोपाठ वाचले ट्रेनमध्ये, डोंबिवली ते दादर, आणि तेव्हाच डोक्यात बसलं की यांच्या दोघांच्या बाटलीत एकच पदार्थ नसणार.

आता मेथडचं. जीओ ही काही नवीन गोष्ट नाही, ब्रॉडी नावाच्या इंग्लिश केमिस्टने १८५९ मध्ये ग्रॅफाईट, पोटॅशियम क्लोरेट आणि फ्युमिंग नायट्रिक ॲसिड घेऊन ते बनवलं होतं. १८९८ ला श्टाउडेनमायरने त्यात सल्फ्युरिक घातलं आणि क्लोरेट एकदम न टाकता थोडं थोडं टाकायला सुरुवात केली, १९३७ ला हॉफमनने फ्युमिंगच्या ऐवजी साधं कॉन्सन्ट्रेटेड नायट्रिक घेतलं. या तिन्हीत भानगड अशी की क्लोरेट आणि ॲसिड एकत्र आलं की क्लोरीन डायऑक्साईड निघतो, पिवळट गॅस, साठला तर स्फोट. म्हणून १९५८ मध्ये हमर्स आणि ऑफमनने क्लोरेट काढूनच टाकलं आणि पोटॅशियम परमँगनेट, सोडियम नायट्रेट, सल्फ्युरिक असं कॉम्बिनेशन दिलं, तीच आज सगळीकडे केली जाणारी हमर्स मेथड. मग २०१० ला अमेरिकेतल्या टूरच्या ग्रुपने नायट्रेटही काढलं आणि सल्फ्युरिक-फॉस्फोरिक ९:१ घेतलं, त्यामुळे नायट्रोजनचे ते तपकिरी धूरही बंद झाले.

आम्ही तीन घेतल्या, हमर्स, टूर आणि हॉफमन. म्हणजे दोन परमँगनेटच्या आणि एक क्लोरेटची. सँपलना नावं दिली, हमर्सचं एच, टूरचं टी आणि हॉफमनचं, म्हणजे क्लोरेटवालं, के. क्लोरेटला मॅडम आधी तयारच नव्हत्या, त्यांचं म्हणणं रास्त होतं, शेवटी अगदी छोट्या स्केलवर, आमच्या पीएचडीवाल्या सिनियर ताईच्या देखरेखीखाली, फ्यूम हूडमध्ये, समोर शील्ड लावून, आणि फ्लास्कचं तोंड घट्ट बंद न करता, अशा अटींवर परवानगी मिळाली. कोणी घरी किंवा क्लासच्या टेबलवर हे करायचा विचार करत असेल तर कृपया नको, हे मी मनापासून सांगतेय. परमँगनेटवाली मेथडही दिसते तितकी साधी नाही, सल्फ्युरिकमध्ये परमँगनेट विरघळलं की मँगनीज हेप्टॉक्साईड तयार होतं, हिरवट तेलासारखं, आणि ते ५५ डिग्रीच्या आसपास गेलं किंवा ऑरगॅनिक पदार्थाला लागलं की फुटू शकतं. म्हणून तर परमँगनेट टाकताना खाली बर्फ लागतो.

बर्फाचंच एक प्रकरण. डिपार्टमेंटचं आईस मशीन तेव्हा बंद होतं आणि एप्रिलमध्ये मुंबईत बर्फ बाहेरून आणला तर तो टबात किती वेळ टिकतो हे इथे राहणाऱ्यांना सांगायला नको. आमच्या लॅबचे मामा सकाळी येताना मासळी बाजाराजवळच्या बर्फवाल्याकडून गोणपाटात गुंडाळून लादीचा तुकडा आणायचे, आम्ही तो फोडून मीठ घालून टबात भरायचो, आणि ताई थर्मामीटर धरून बसायची, २० च्या वर गेलं की परमँगनेट टाकणं थांबव. मामांशिवाय माझा प्रोजेक्ट झालाच नसता, थीसिसच्या आभारात त्यांचं नाव सगळ्यात आधी आहे. बारीकसारीक सामान, म्हणजे सेंट्रीफ्यूज ट्यूब, पीएच पेपर, डायलिसिसची ट्यूबिंग, हे मी प्रिन्सेस स्ट्रीटवरून आणलं, मरीन लाईन्सला उतरून चालत, तिथल्या दुकानदारांना नुसतं काय करायचंय ते सांगितलं तरी बरोबर वस्तू काढून देतात.

रिॲक्शन बघायला खरंच सुंदर असते. काळं ग्रॅफाईट, त्यात जांभळे दाणे, मग गडद हिरवा रंग, हळूहळू घट्ट होत जाणारी तपकिरी पेस्ट, इतकी घट्ट की स्टिररचं बीड अडकून उड्या मारायला लागतं. पाणी घालताना परत गरम होतं म्हणून थेंब थेंब. आणि सगळ्यात शेवटी हायड्रोजन पेरॉक्साईड, ते टाकलं की राहिलेलं परमँगनेट आणि मँगनीज डायऑक्साईड रिड्यूस होऊन पाण्यात विरघळणारं मँगनीज बनतं, भरपूर फेस येतो आणि अख्ख्या बीकरचा रंग चॉकलेटीचा सोनेरी पिवळा होतो. टूरचं ५० डिग्रीला रात्रभर चालतं, त्यात धूर नाही, टेन्शन कमी, रंग जास्त उजळ. क्लोरेटचं मात्र ९६ तास, नुसतं ढवळत ठेवायचं आणि कोणीतरी आळीपाळीने लक्ष ठेवायचं, रंगाचा काही चमत्कार नाही, शेवटी राखाडी-तपकिरी गाळ.

इथपर्यंतचं सगळ्यांच्या थीसिसमध्ये असतं. आता मुख्य भाग, धुणं. पेपरमध्ये याच्यावर एकच ओळ असते, पाणी घालून न्यूट्रल होईपर्यंत धुतलं, बस. प्रत्यक्षात माझा सगळ्यात जास्त वेळ याच ओळीत गेला आणि सगळ्यात जास्त शिकायलाही इथेच मिळालं.

आधी पातळ हायड्रोक्लोरिकने धुवायचं, त्याने मेटल आयन निघतात. मग पाण्याने. सेंट्रीफ्यूज, म्हणजे ट्यूब जोरात फिरवून गाळ खाली बसव, वरचं पाणी ओतून टाक, ताजं पाणी घाल, हलव, परत सेंट्रीफ्यूज. सुरुवातीला मस्त बसतं खाली. पण जसजसं ॲसिड निघून जातं तसतसा जीओचा निगेटिव्ह चार्ज मोकळा होतो, पापुद्रे एकमेकांना ढकलायला लागतात, पाणी धरून ठेवतात, आणि ट्यूबमध्ये खाली गोळा बसायच्या ऐवजी सगळीच जेली होते, साबुदाण्याच्या खिरीसारखी, ती ना बसते ना ओतता येते. नेमकं इथेच बहुतेक लोक थांबतात, कारण पुढे धुणं शक्यच वाटत नाही, पीएच पेपर ५ च्या जवळपास दाखवतो आणि झालं असं धरतात. पण त्या जेलीच्या आत थरांमध्ये अजून ॲसिड अडकलेलं असतं. याच्यापुढे डायलिसिस करायचं, म्हणजे जेली पिशवीत भरून बांधायची आणि मोठ्या बीकरमध्ये डिस्टिल्ड वॉटरमध्ये सोडून द्यायची, छोटे आयन बाहेर येतात, पापुद्रे आत राहतात. पाणी बदलत राहायचं, सकाळ संध्याकाळ, रविवारीसुद्धा, मेगाब्लॉक असला तरी.

कधी थांबायचं ते कळायला ताईने एक जुनी साधी युक्ती सांगितली, बारावीच्या प्रॅक्टिकलमधली. बाहेरच्या पाण्यात बेरियम क्लोराईडचे दोन थेंब टाक. सल्फेट असेल तर पांढरं गढूळ होणार. मी रोज टेस्ट ट्यूबमध्ये ते करायची आणि काळ्या कागदासमोर धरून बघायची. सेंट्रीफ्यूजवर न्यूट्रल वाटलेल्या बॅचचं डायलिसिसचं पाणीही पहिले कित्येक दिवस दुधासारखं होत होतं! हे बघितल्यावर मला त्या न्यूट्रल होईपर्यंत या शब्दांवर परत कधी विश्वास ठेवता आला नाही. एचमध्ये तर काही सल्फेट थेट कार्बनला केमिकली जोडलेलंही असतं, ऑर्गॅनोसल्फेट, ते पाण्यात हळूहळू तुटून सुटं होत राहतं, त्यामुळे परमँगनेट-सल्फ्युरिकचं जीओ धुणं हे मुळातच चिवट काम आहे.

मॅडमनी सुरुवातीलाच एक गोष्ट ठरवायला लावली होती आणि पूर्ण प्रोजेक्ट त्याच्यावर उभा राहिला. प्रत्येक सँपलचे तीन भाग ठेवायचे, एक ॲसिड वॉशनंतर थोडंच धुतलेलं, एक सेंट्रीफ्यूजवर जेली होईपर्यंत धुतलेलं, एक डायलिसिस पूर्ण झालेलं. आणि प्रत्येकातलं पापुद्रे काढून टाकलेलं वरचं पाणी, म्हणजे सुपरनेटंट, तेही वेगळं जपून ठेवायचं. मेथड तीन, धुणं तीन, आणि प्रत्येकाचं जीओ वेगळं आणि पाणी वेगळं. फ्रीजमध्ये आमच्या बाटल्यांनी एक अख्खा कप्पा व्यापला, मायक्रोबायोलॉजीवाले कुरकुरत होते पण दिला त्यांनी.

कॅरॅक्टरायझेशनवर फार लिहीत नाही, ते नेहमीचंच. यूव्हीला, म्हणजे कुठल्या वेव्हलेंथचा उजेड शोषला जातो ते बघायला, २३० नॅनोमीटरच्या आसपास पीक, ३०० ला खांदा. एक्सआरडीला, म्हणजे एक्स-रेने थरांमधलं अंतर बघतात त्यात, ग्रॅफाईटचं २६.५ डिग्रीचं पीक जाऊन १० ते ११ च्या जवळ नवीन आलं एच आणि टीला, के सँपलला ते जरा पुढच्या अँगलला, म्हणजे थरांमधलं अंतर कमी उघडलेलं. एक गोष्ट मात्र मुंबईकरांनी लक्षात ठेवा. जीओ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि थरांमधलं अंतर त्याप्रमाणे बदलतं, त्यामुळे जुलैमध्ये वाळवलेलं सँपल आणि एप्रिलमध्ये वाळवलेलं सँपल यांचं पीक एका जागी येत नाही, आणि पावसाळ्यात डेसिकेटरमधलं निळं सिलिका जेल बघता बघता गुलाबी होतं. तिन्ही सँपल एकाच दिवशी एकत्र वाळवून एकत्र न्यायची, नाहीतर ऑक्सिडायझरचा फरक म्हणून तुम्ही हवामानाचा फरक छापाल. मँगनीज मोजायला सँपल पवईला आयआयटीच्या सैफमध्ये, म्हणजे तिथल्या मोठ्या उपकरणांच्या सेंटरमध्ये, दिलं, कांजूरमार्गला उतरून रिक्षा. अपेक्षेप्रमाणे परमँगनेटच्या दोन्हीत मँगनीज निघालं, कमी धुतलेल्यात जास्त, डायलिसिसवाल्यात अगदी थोडं, आणि केमध्ये नावापुरतं.

मग बॅक्टेरिया. मी मूळची केमिस्ट्रीची, त्यामुळे लॅमिनारमध्ये, म्हणजे गाळलेल्या हवेच्या कॅबिनेटसमोर, बसणं, बर्नरजवळ प्लेट उघडणं हे सगळं मायक्रोच्या एका मैत्रिणीने शिकवलं. ई. कोलाय आणि स्टॅफ ऑरियस, एक ग्राम निगेटिव्ह एक पॉझिटिव्ह, म्हणजे दोन वेगळ्या प्रकारच्या पेशीभिंतीचे बॅक्टेरिया. पहिलं म्हणजे आगरमध्ये खड्डे करून सँपल भरायचं आणि भोवती किती मोकळी रिंग पडते ते मोजायचं, हे कॉलेजात सगळे करतात. जीओसाठी याचा फार अर्थ नाही असं माझं स्पष्ट मत झालंय. अँटिबायोटिक आगरमधून पसरतं, पण मायक्रॉनभर रुंदीचा पापुद्रा आगरमधून पसरणार कसा? तो खड्ड्यातच बसून राहतो. जे पसरतं ते ॲसिड आणि आयन. आणि झालंही तसंच, कमी धुतलेल्या एचभोवती छान गोल रिंग आली, डायलिसिस केलेल्या एचभोवती काहीच नाही, आणि कमी धुतलेल्याचं नुसतं सुपरनेटंट, ज्यात जीओ नव्हतंच, त्याच्याभोवतीही रिंग आली, जवळपास तेवढीच. ती प्लेट मी मॅडमना दाखवली तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत, खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, आता हे सीएफयूने दाखव.

सीएफयू म्हणजे बॅक्टेरियाला जीओबरोबर ठराविक वेळ ठेवायचं, मग दहा-दहा पटीने पातळ करत जाऊन प्लेटवर टाकायचं आणि दुसऱ्या दिवशी कॉलनी मोजायच्या. ओडीवर म्हणजे ६०० नॅनोमीटरच्या गढूळपणावर अवलंबून राहता येत नाही कारण जीओ स्वतःच काळपट आणि गढूळ, जिवंत पेशींनी रंग बदलायच्या एमटीटी टेस्टमध्ये तो रंग जीओ स्वतःच बदलतं, आणि जिवंत-मेलेले वेगळे दाखवणाऱ्या लाईव्ह-डेडच्या फ्लुरोसंट डायचा उजेड जीओ शोषून घेतं. म्हणजे जितके सोपे शॉर्टकट आहेत ते सगळे या पदार्थासमोर लंगडे पडतात, प्लेटवर कॉलनी मोजणं हाच भरवशाचा मार्ग, आणि तोही पूर्ण सरळ नाही. कारण पापुद्रा बॅक्टेरियाला गुंडाळतो, एका गुठळीत पंचवीस बॅक्टेरिया जिवंत असले तरी प्लेटवर त्यांची एकच कॉलनी दिसणार आणि आपण म्हणणार बाकीचे मेले. गुंडाळलेले बॅक्टेरिया सोनिकेट करून सोडवले की परत वाढायला लागतात हे २०११ मध्येच कोणीतरी दाखवलंय. म्हणून आम्ही प्रत्येक सँपल दोन प्रकारे प्लेट केलं, तसंच, आणि हलकं सोनिकेट करून, आणि त्याच्याबरोबर नुसते बॅक्टेरियाही तेवढंच सोनिकेट करून, म्हणजे सोनिकेटरनेच मारले असं कोणी म्हणायला नको. आणि फरक पडला, टीच्या काही प्लेटवर सोनिकेट केल्यावर कॉलनी बऱ्याच वाढल्या.

कशात ठेवायचं हाही मोठाच प्रश्न. सलाईनमध्ये ठेवलं तर मीठामुळे जीओचा चार्ज झाकला जातो आणि पापुद्रे गुठळ्या करून खाली बसतात. न्यूट्रियंट ब्रॉथमध्ये ठेवलं तर ब्रॉथमधली प्रोटीन पापुद्र्यांवर चिकटून त्यांना झाकून टाकतात आणि जीओचा काही परिणामच दिसत नाही, आमच्याकडेही दिसला नाही, कुठल्याच ऑक्सिडायझरचा. नुसत्या पाण्यात ठेवलं तर बॅक्टेरिया पाण्यानेच हैराण होतात. आम्ही पातळ सलाईन घेतलं, गुठळ्या कमीत कमी होतील इतपत, आणि प्रत्येक वेळी जीओशिवायचा कंट्रोल सोबत. परफेक्ट नाही पण काय केलंय ते स्वच्छ लिहिलंय.

आता जे निघालं ते. कमी धुतलेलं एच, टी, के तिन्ही दणकून मारतात, प्लेट जवळपास रिकामी. पण त्यांचं नुसतं सुपरनेटंटही मारतं. मग आम्ही अजून दोन कंट्रोल लावले, एक म्हणजे सुपरनेटंटच्या पीएचला आणलेलं साधं ॲसिडचं पाणी, आणि दुसरं सैफच्या रिपोर्टमध्ये आलं तेवढंच मँगनीज सल्फेट न्यूट्रल पाण्यात. ॲसिडच्या पाण्याने जवळपास सुपरनेटंटइतकेच बॅक्टेरिया मेले. मँगनीजने फारसं काही झालं नाही, तसंही बॅक्टेरियाला मँगनीज थोडं लागतंच. म्हणजे कमी धुतलेल्या जीओची जी कीर्ती आहे तिचा मोठा वाटा उरलेल्या सल्फ्युरिकचा. हे फक्त आमच्याच लॅबमध्ये दिसलं असंही नाही, मँचेस्टरच्या ग्रुपचा २०१६ चा पेपर हेच सांगतो की नीट धुतलेल्या जीओने बॅक्टेरियाला काही केलं नाही आणि अपुरं धुतलेल्याने केलं. तो पेपर मला प्लेट मोजून झाल्यावर सापडला आणि मी लायब्ररीत बसल्या जागी ताईला फोन लावला, इतका आनंद झाला.

डायलिसिस पूर्ण केलेल्यांत काय उरलं? थोडा परिणाम उरला, शून्य नाही. ई. कोलायवर एच आणि टी दोघांचा केपेक्षा जास्त, पण आधीच्या रिकाम्या प्लेटच्या मानाने तो खूपच सौम्य. स्टॅफवर तिघांत फरक म्हणावा असा नाही. ई. कोलायवरचा हा फरक ऑक्सिडायझरचा म्हणायचा का? इथे मी सावध राहिले आणि वायव्हामध्येही, म्हणजे तोंडी परीक्षेत, तसंच बोलले. परमँगनेटने कार्बोक्सिल आणि कार्बोनिल जास्त येतात, क्लोरेटने ते कमी आणि हायड्रॉक्सिल-इपॉक्सी जास्त, हे खरं. पण केचे थर सुटेही कमी होतात, म्हणजे त्याच वजनात बॅक्टेरियाला भिडणारा पृष्ठभाग कमी, आणि सोनिकेशन लांबवलं तर पापुद्रे तुटून साईझ बदलते. मग केमिस्ट्री का साईझ? आम्ही ग्लुटाथायोनची टेस्ट केली, पेशीतला अँटिऑक्सिडंट जीओबरोबर ठेवायचा, जीओ फिल्टर करून काढायचं आणि एलमन रिएजंट टाकायचं, जितका पिवळा रंग कमी तितकं ग्लुटाथायोन ऑक्सिडाईझ झालं. नीट धुतलेल्या तिन्हींनी ते केलं, एच आणि टीने जास्त, केने कमी. त्यांच्या सुपरनेटंटने मात्र काही केलं नाही. म्हणून इतकं म्हणता येतं की पापुद्र्याची स्वतःची ऑक्सिडाईझ करायची ताकद आहे आणि ती ऑक्सिडायझरप्रमाणे बदलते, पण प्लेटवर दिसलेला फरक पूर्ण तिच्यामुळेच आहे असं मी लिहिलं नाही, लिहिणारही नाही.

वायव्हाला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी, एक्स्टर्नलनी, विचारलं की मग जखमेच्या पट्टीत किंवा पाण्याच्या फिल्टरमध्ये हे वापरता येईल का. मी म्हटलं सर, जखमेत प्रोटीन भरपूर असतं आणि ब्रॉथमध्येच आमच्या जीओचं काही चाललं नाही, त्यामुळे पट्टीचं मी आत्ता तरी म्हणणार नाही, आणि फिल्टरमध्ये घालायचं तर ते आधी बेरियम क्लोराईडला क्लिअर असलं पाहिजे, नाहीतर आपण लोकांना पातळ ॲसिड पाजू. ते हसले नाहीत, त्यांनी वहीत लिहून घेतलं, ते मला फार बरं वाटलं.

अजून एक गोष्ट राहिली, आणि ही ज्युनियरांसाठी सगळ्यात कामाची. वायव्हानंतर फ्रीजमधल्या डायलिसिसवाल्या एचचा मी सहज पीएच बघितला तर तो परत खाली आलेला. परत! धुताना काही राहून गेलं का असं वाटून ताईला दाखवलं, तिने टूरच्याच ग्रुपचा २०१३ चा पेपर काढून दिला, की जीओ पाण्यात पडून राहिलं तर पाण्याशी हळूहळू रिॲक्ट होऊन स्वतःच प्रोटॉन सोडत राहतं. म्हणजे नीट धुतलेलं जीओही बाटलीत जुनं होताना ॲसिडिक होतं, आणि तीन महिन्यांपूर्वीच्या बाटलीवर टेस्ट लावली तर परत तोच गोंधळ. त्यामुळे मी आता विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगते, जीओ ताजं घे, नाहीतर टेस्टच्या आदल्या दिवशी परत डायलिसिसला टाक, सकाळी पीएच मोजून वहीत लिही, आणि प्लेट कितीही असोत, एक प्लेट नुसत्या सुपरनेटंटची लावच. आमच्या लॅबमध्ये या वर्षीच्या मुलीने डायक्रोमेट घेतलंय चौथा ऑक्सिडायझर म्हणून, त्यात क्रोमियम उरण्याचा प्रश्न आहे आणि क्रोमियम काही मँगनीजसारखं निरुपद्रवी नाही, त्यामुळे तिच्या सुपरनेटंटच्या प्लेटवर काय येतं याची मला तिच्याइतकीच उत्सुकता आहे.